मधला थर

मुलांनो, जरा डोळे मिटा. मिटलेत? आता अशी कल्पना करा, की डिसेंबरची चोवीस तारीख आहे. ऊन इतकं कडक, की कोंबड्या नळाखालच्या ओल्या मातीत पंख पसरून, चोची उघड्या टाकून पडल्या आहेत. उद्या नाताळ. घरी अठरा माणसं जेवायला येणार आणि जेवणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही करायची आहे. केलीत कल्पना? तर मग तुम्ही दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या अपिंग्टनच्या अकरा वर्षांच्या इल्सेच्या जागी उभे आहात.

काम तसं सोपं होतं. चूल नाही की भट्टी नाही. काचेच्या भांड्यात नारळाची चौकोनी बिस्किटं मांडायची, त्यांवर कॅरॅमल घालून फेटलेलं क्रीम पसरायचं, त्यावर हिरव्या कणांचं पेपरमिंटचं चॉकलेट किसायचं. पुन्हा बिस्किटं, पुन्हा क्रीम, पुन्हा चॉकलेट. मग फ्रीजमध्ये ठेवायचं आणि उद्यापर्यंत विसरून जायचं. वीस वर्षं हे टार्ट इल्सेच्या आईची थोरली बहीण, टॅनी डेलीन (टॅनी म्हणजे मावशी), करत आली होती. यंदा तिचं मनगट प्लास्टरमध्ये होतं.

"भांडं माझं आहे," टॅनी डेलीन म्हणाली. "खाली चिकटपट्टीवर माझं नाव आहे. बिघडलं तर लोक मला हसतील, तुला नाही. कळलं का गं?"

"कळलं, टॅनी. आणि नाही बिघडलं तर?"

उत्तर आजीने, म्हणजे औमा सूसने, दिलं. "टार्ट करणारी मोठ्या टेबलावर बसते. आपल्या घरचा नियम आहे."

इल्से आजवर व्हरांड्यातल्या प्लास्टिकच्या टेबलावर जेवत आली होती. त्याचा एक पाय आखूड होता आणि तिथे बसणारी तिन्ही मावसभावंडं दरवर्षी सरबत सांडायची, तेही नेमकं तिच्याच मांडीवर. म्हणून तिने फार जपून काम सुरू केलं. फक्त मधल्या थरासाठी चॉकलेट किसताना एक तुकडा किसणीला गेला आणि एक जिभेला. पुढचे दोन जिभेलाच. पाहता पाहता मधल्या थराचं सगळं चॉकलेट संपलं. मग तिने वरच्या थरावर उरलेलं चॉकलेट दाट किसलं. वरून टार्ट इतकं सुंदर दिसत होतं, की आत काय आहे हे विचारायचं कुणाला सुचलं नसतं.

बारा वाजता आमच्या बाजूची वीज गेली. भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणे अडीचला येणार होती. एवढ्या उन्हात अडीच तास!

"समोर ऊम फ्लोरिसकडे ने," औमा म्हणाली. "रस्त्यापलीकडची वीज आपली आली की जाते. पळ, आणि सावलीतून जा."

"औमा, रस्त्यावर सावली कुठे आहे?"

"मग नुसतीच पळ."

ऊम फ्लोरिस, म्हणजे फ्लोरिसकाका, उंच, वाकलेले, मितभाषी गृहस्थ. त्यांची बायको मार्टा गेल्या हिवाळ्यात वारली. त्यांनी दार उघडलं, टार्टकडे पाहिलं आणि फ्रीजमध्ये जागा करून दिली. अडीच वाजता त्यांच्या बाजूचे पंखे थांबले. इल्से धावत गेली, तर ऊम फ्लोरिस दोन्ही हातांत दोन भांडी घेऊन दारातच उभे.

"माझंही तुमच्या फ्रीजमध्ये ठेवता येईल का?"

दोन्ही भांडी काचेची, काठाला निळी फुलं असलेली. दोन्हींत टार्ट. दोन्हींवर दाट किसलेलं चॉकलेट.

"ऊम, यातलं माझं कुठलं?"

"खालच्या कप्प्यातलं तुझं होतं," ऊम म्हणाले. "पण मग मी कलिंगड ठेवायला दोन्ही हलवली."

औमाच्या स्वयंपाकघरात दोन्ही भांडी शेजारी ठेवली गेली. टॅनी डेलीनने चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं.

"दुसऱ्याचं टार्ट मी माझ्या नावावर पाहुण्यांपुढे ठेवणार नाही," ती म्हणाली. "खाली नाव आहे ना, वाचा ते."

"टॅनी, भांडं उलटं करायचं?"

"उलटं कशाला करतेस, बावळट! फ्लोरिस, तुम्ही उंच आहात. डोक्यावर धरा. इल्से, तू खाली बस."

ऊम फ्लोरिसने पहिलं भांडं वर उचललं. इल्से त्यांच्या पायांशी बसून वर पाहू लागली. भांडं जरा कललं. टार्ट अजून पुरतं बसलं नव्हतं, ते एका काठाकडे सरकलं. क्रीमचा एक गोळा इल्सेच्या कपाळावर पडला.

"सरळ धरा हो!" टॅनी ओरडली.

"मी सरळच धरलंय. घर तिरकं आहे."

"डे... ली... न!" इल्सेने वाचलं. तिचा जीव भांड्यात पडला. "हेच माझं!"

"दुसरंही बघून घे," औमा खुर्चीतून म्हणाली.

दुसरं भांडं वर गेलं. इल्सेने वाचलं आणि डोळे चोळून पुन्हा वाचलं.

"काय लिहिलंय गं?" टॅनीने विचारलं.

"डेलीन."

टॅनी डेलीन कमरेवर हात ठेवायला गेली, पण प्लास्टर आडवं आलं. "म्हणजे हे माझं हरवलेलं भांडं! सहा वर्षं शोधतेय मी! फ्लोरिस?"

"मार्टाने मागून आणलं होतं," ऊम फ्लोरिस भांडं खाली ठेवत म्हणाले. "रिकामं भांडं परत देऊ नये, भरून द्यावं, असं म्हणायची. मग राहूनच गेलं. म्हटलं, या नाताळला भरून देऊन टाकावं."

पण टॅनी हार मानणारी नव्हती. "ठीक आहे. मग चाखून ठरवू. मी मधोमध खणते. माझ्या कृतीची चव मी झोपेतही ओळखेन."

मधोमध! चमचा पहिल्या टार्टवर टेकला.

"टॅनी, थांब!" तिने डोळे गच्च मिटले. "माझ्यात मधल्या थरात चॉकलेट नाहीये. मी खाल्लं."

बाहेर एक कोंबडी कण्हली.

"चला, ओळखायला सोपं झालं," औमा म्हणाली.

टॅनीने खणलं. बिस्किट, क्रीम, बिस्किट. हिरवा कण औषधालासुद्धा नाही. "हे इल्सेचं! आणि उद्या चोरट्या मुलीची जागा व्हरांड्यात. ऐकलंस?"

इल्सेने मान हलवली. कपाळावरचं क्रीम नाकावर ओघळलं.

"दुसरंही बघून घे," औमा म्हणाली.

"कशाला उगाच," ऊम फ्लोरिस घाईने म्हणाले, "ते तर माझंच..." आणि त्यांना जोराचा खोकला आला.

टॅनीने दुसऱ्यात चमचा खुपसला. बिस्किट, क्रीम, बिस्किट. तिने पुन्हा खणलं. तेच.

"मार्टा किसायची आणि मी शेजारी उभा राहून खायचो," ऊम जमिनीकडे बघत म्हणाले. "यंदा दोन्ही कामं माझ्याकडेच होती."

"लाज नाही वाटत? या वयात! मी वीस वर्षं हे टार्ट करतेय, पण कधी..."

"डेलीन, चमचा खाली ठेव," औमा शांतपणे म्हणाली. "वीस वर्षं मी तुझ्या हातचं टार्ट खातेय. मधल्या थरातही चॉकलेट असतं, हे मला आज कळलं."

टॅनी डेलीन प्लास्टरकडे बघू लागली.

दुसऱ्या दिवशी सतरा माणसं आपापल्या जागी बसली. मोठ्या टेबलावर एकच खुर्ची रिकामी होती. औमाने ती इल्सेसाठी ठेवली होती, कारण आपणहून कबूल करणारी एकटी तीच, असं औमाचं म्हणणं. औमाने ऐनवेळी बोलावलेले ऊम फ्लोरिस दाराशी रुमाल घडी करत, उलगडत उभे होते. टार्ट करणारी माणसं दोन, खुर्ची एक.

इल्सेने खुर्चीकडे पाहिलं. मग ऊमचा हात धरून त्यांना तिथे बसवलं, एक टार्ट त्यांच्यासमोर ठेवलं आणि दुसरं उचलून ती व्हरांड्यात आली. आखूड पायाचं टेबल डुगडुगलं. तिने सुरी उचलली, तोच मागून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"टार्ट करणारी बसते तेच मोठं टेबल," टॅनी डेलीन बसत पुटपुटली आणि गळ्यात अडकवलेल्या हाताच्या झोळीतून तिने पेपरमिंटचं एक अख्खं चॉकलेट काढलं. "मधल्या थराला. मला एका हाताने किसता येत नाही."

इल्सेने चॉकलेट मोडलं. एक तुकडा टॅनीच्या तोंडात घातला, एक आपल्या, आणि मगच ती किसणी आणायला गेली.