गारखिंडीत हायब्रीड गाडी पेट्रोल बहुत प्याली, ते वर्तमान

श्री. वाट दाखविणाऱ्यास नमन, आणि त्या वाटेवर ऊब राखणाऱ्यास नमन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, पौष मासीं, डोंगराआडच्या राज्यात जे घडले ते, पुढे कोणी विचारील तर ठावे असावे म्हणोन, ऐकिले तैसे लिहितो. ते राज्य दोन भागांचे. खाली उबदार मैदान, तेथे राजधानी. वर गारखिंड, आणि खिंडीपलीकडे देवदारांचे खोरे, तेथे हिवाळाभर बर्फ. राज्य श्रीमंत रावसाहेब करीत, आणि त्यांच्या धाकट्या भगिनी रेवाबाईसाहेब खोऱ्यातील सरदारांचे घरी दिल्या होत्या. त्या पहिलटकरीण, दिवस भरत आले, आणि बाळंतपणास माहेरी यावे तर वैद्यांनी घाटाचा प्रवास मना केला. मग मातोश्री वेणूबाई आईसाहेब बोलिल्या, "लेकीस येववत नाही, तर आईस जाववते." रावसाहेब दरबारच्या कामात गुंतले होते, म्हणोन बरोबर त्यांच्या राणीसाहेब शर्वरीबाई निघाल्या. शर्वरीबाईंचे माहेर समुद्रकाठी. त्या गाडी स्वतः चालवीत, आणि चाक हाती आले म्हणजे त्यांची मुद्रा निवत असे.

सासू-सुनेचे वैर नव्हते. परंतु लग्नास वर्षे लोटली तरी दोघींचे बोलणे व्हावे ते "जेवण जाहले काय" आणि "जाहले" इतुकेच. आणि त्यापुढे एक पडदा पडलेला असे, तो कोणी पाडिला हे दोघींसही ठाऊक नव्हते. ऐशा दोघी एके गाडीत बसल्या आणि पहाटे धुके असता राजधानीहून कूच जाहले.

गाडी हायब्रीड होती. म्हणजे तिचे पोटी दोन बळे, एक पेट्रोलचे इंजिन आणि दुसरी बॅटरीवर फिरणारी मोटर. आणि सपाटीवर सावकाश चालता इंजिन निजून जाई आणि मोटर एकटीच गाडी ओढी, तेव्हा आवाज म्हणोन नाही, नुसती चाकांची कुजबुज. ऐशा समयीं आईसाहेब डोळे मिटून बसत आणि त्यांस वाटे की आपण नावेत आहो आणि शेते दोहों बाजूंनी वाहून जातात. मैदानात ती पेट्रोल इतुके थोडके पिई की घाटाच्या पायथ्याशी पंप आला तरी समोरचे पडद्यावर अजून बहुत मजल जाईल ऐसा आकडा होता. शर्वरीबाईंनी पुसले, "टाकी भरून घ्यावी काय?" आईसाहेब बोलिल्या, "आकडा तर भरपूर दिसतो. रेवा वाट पाहत असेल, उगाच खोळंबा कशास?" मग शर्वरीबाईंनी चाक वळविले आणि गाडी घाट चढू लागली.

आता थंडीचा विचार ऐसा. तो आकडा मैदानातील उन्हाने लिहिलेला होता, त्यास वरच्या बर्फाची खबर नव्हती. थंडीत बॅटरी आळसावते, थोडके देते आणि थोडकेच घेते. इंजिनातील तेल दाट होते. चाकांतील हवा आकसते आणि चाके जड फिरतात. आणि सर्वांहून मोठे ते हे की गाडीत जी ऊब येते ती इंजिनाच्या कढत पाण्याची, म्हणोन हीटर चालू असेतोवर इंजिनास निजता येत नाही. गाडी उतारावर असो की उभी असो, ते जागेच राहते आणि पीतच राहते. हे शर्वरीबाईंस ठावे होते. परंतु पायथ्याशी आईसाहेब खोकलल्या ते त्यांनी ऐकिले होते, म्हणोन त्यांनी हीटर पुरता सोडिला होता. आणि पायथ्याशीच शर्वरीबाईंची नखे निळी पडलेली आईसाहेबांनी पाहिली होती, म्हणोन त्या हीटरविषयी चकार शब्द काढीत ना. ऐसे दोघी गाडीत घामेजून बसल्या आणि बाहेर जग पांढरे होत गेले, आणि देवदार एकामागून एक धुक्यातून येत आणि जवळून पाहून पुन्हा धुक्यात जात, आणि रस्ता कोठे संपला आणि आभाळ कोठे लागले हे कळेनासे जाहले.

गारखिंडीच्या चौकीवर दौलू नाईक चौकीदार आडवा जाहला आणि काचेजवळ येऊन बोलिला, "आईसाहेब, पुढे बर्फ उपसताहेत. थांबावे लागेल. गाडीत पेट्रोल किती? पलीकडे खोऱ्यात उतरेतोवर पंप नाही." शर्वरीबाईंनी पडद्याकडे पाहिले. आकडा निम्म्याहून खाली आला होता आणि उभ्या गाडीत, डोळ्यांदेखत, आणिक उतरत होता. त्या हळूच बोलिल्या, "असेच चालले तर पुरणार नाही." दौलू नाईक बोलिला, "तर मग आताच मागे फिरावे. दिवेलागणीस खिंड बंद होते, मग पुढेही नाही आणि मागेही नाही." इतक्यात आईसाहेबांचा फोन वाजला. खोऱ्यातून जावई बोलत होते, की रेवाबाईंस कळा सुरू जाहल्या, आणि त्या एकच विचारतात, आई कोठवर आली.

आईसाहेबांनी फोन मांडीवर ठेविला. मग बोलिल्या, "पायथ्याशी टाकी भरू दिली नाही, ती मीच." शर्वरीबाई बोलिल्या, "आपण ऐसे मनास लावून घेऊ नये." इंजिन घुरघुरत होते. मग आईसाहेबांनी शाल सैल केली आणि बोलिल्या, "सूनबाई, एक विचारू? तुम्हांस थंडी फार वाजते काय?"

"नाही आईसाहेब. मला तर केव्हाचे उकडते आहे."

"मग ही भट्टी कशास लाविली?"

"आपणांस खोकला जाहला ना, पायथ्याशी."

"अगं बाई, तो खोकला नव्हे! सुपारीचा तुकडा घशाशी अडकला होता. मी तर तुमची निळी नखे पाहून गप्प बसले."

"आईसाहेब, तो तर नखांस लाविलेला रंग!"

मग शर्वरीबाईंस हसू आवरेना, आणि आईसाहेबही हसल्या, इतक्या की डोळ्यांस पाणी आले आणि दौलू नाईक काचेबाहेर अचंबित उभा राहिला. मग शर्वरीबाईंनी हीटर बंद केला आणि नुसती आसने कोमट ठेविली, त्यास खर्च थोडा. इंजिनाने एक सुस्कारा टाकिला आणि ते निजले. दौलू नाईकाने पायपंप आणून आकसलेल्या चाकांत हवा भरिली, आणि बर्फ हटले तैसा हात करून बोलिला, "सावकाश जावे. पेडल धक्क्याने दाबू नये, म्हणजे पेट्रोल पुरेल."

मग ती दौड जाहली, तिला दौड म्हणणे लटके, ती तरंगत गेली. चढावर इंजिन जागे होई आणि खिंड ओलांडल्यावर उतारावर पुन्हा निजे, आणि गाडी आपल्याच भाराने धुक्यात उतरे आणि उतरता उतरता बॅटरीत थोडे थोडे बळ परत साठे. थंडी आत शिरली. काचेवर वाफ धरू लागली तेव्हा आईसाहेब पुढे वाकून शालीच्या पदराने काच पुसू लागल्या, आणि एकच शाल दोघींचे गुडघ्यांवर घेतली, आणि त्या शांततेत बोलणे आपसूक आले. आईसाहेब बोलिल्या, "तुम्ही लग्न होऊन आलात त्या दिवशी घराच्या किल्ल्या तुमचे हाती दिल्या आणि मनाशी ठरविले. माझ्या सासूबाईंनी मला उठता बसता टोकिले. मीठ किती, पदर कैसा, हसणे किती. तुम्हांस एक शब्दही टोकावयाचा नाही, म्हणोन मी तोंडच मिटले."

शर्वरीबाईंची नजर रस्त्यावर होती. त्या बोलिल्या, "आणि मला वाटले, मी आपणांस आवडलेच नाही."

"किती वर्षे वाटले?"

"आजपावेतो."

आईसाहेबांनी शालीखालून हात पुढे करून सुनेच्या मनगटावर ठेविला, आणि चाक वळविता अडचण होऊ नये इतुकाच हलका ठेविला. बाहेर बर्फ आवाज न करिता पडत होते. गाडीही आवाज न करिता जात होती. दोघींस क्षणभर ऐसे वाटले की गाडी उभी आहे आणि डोंगरच सावकाश वर उचलला जातो आहे.

पेट्रोलचा दिवा लागला तेव्हा खोऱ्यातील पहिले घर दिसले, आणि सरदारांच्या दारी चाके थांबली तेव्हा घरात नुकते दिवे लागत होते. आईसाहेब अनवाणीच आत धावल्या. रेवाबाईंनी आईचा हात धरिला तो सोडिला नाही, आणि शर्वरीबाई उशाशी बसून कपाळ पुसत राहिल्या, आणि पहाटे कन्या जाहली, बहुत गोरी आणि बहुत रडवी. जावयांनी साखर वाटिली. नंतर सासू-सुना शेजघरात एके रजईखाली झोपी गेल्या त्या दुपार होईतो उठल्या नाहीत.

खिंड पुढे हिवाळाभर बंदच राहिली म्हणोन दोघींचा मुक्काम खोऱ्यात लांबला. चैत्रात बर्फ वितळले, मग परतीचे कूच जाहले, आणि ऊन लागताच गाडी पुन्हा पूर्वीसारखी थोडक्यात भागवू लागली. मैदान लागले तेथे आईसाहेब बोलिल्या, "सूनबाई, चाक माझे हाती द्या. शिकवा मला." मग आईसाहेबांनी गाडी वेडीवाकडी चालविली, एकवार शेताच्या बांधापावेतो नेली, आणि शर्वरीबाईंनी त्यांस पावलोपावली टोकिले, आणि आईसाहेबांस त्याचा राग आला नाही.

सारांश, थंडीत हायब्रीड गाडी पेट्रोल अधिक पिते, हे त्या साली राज्यास समजले, आणि वर जाणाऱ्याने टाकी भरून, चाकांत हवा घालून, ऊब बेताने वापरून जावे ऐसा परिपाठ पडला. इतुके लिहिता येते ते लिहिले. त्या दिवशी शेताच्या बांधापासून राजधानीपावेतो सासू-सुनेचे काय बोलणे जाहले, ते मात्र कोणास ठावे नाही. वाटेवरच्या लोकांनी दोघींस हसताना पाहिले, परंतु काचा वर होत्या.