टेसाचं काय मत आहे?

आईने पहाटेपासून मंद धुरावर शिजवत ठेवलेलं गोमांसाचं अख्खं ब्रिस्केट तोंडात धरून शेजारचा कुत्रा कुंपणावरून उडी मारून गेला, याचं टेसाला फारसं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते आईचं. रोंडा बॉलिंजर हातात चिमटा धरून, तोंड उघडं टाकून नुसती उभी होती. दुधाचा डबा फ्रिजबाहेर राहिला तर जिचा आवाज चर्चपर्यंत जातो, ती ही बाई!

"आई! अगं, ओरड ना!"

"किती..." आईने कुंपणापलीकडे पाहिलं. "किती चपळ कुत्रा आहे."

टेसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चपळ? उद्याच्या चर्चच्या जेवणाचं मांस गेलं, आणि चपळ?

कुत्रा मॅक्रेडी कोचचा होता. त्याचं नाव टचडाऊन. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर ज्याच्या पोरांना महिना महिना टचडाऊन, म्हणजे गोल, जमत नव्हता, त्याने घरी कुत्र्याचंच नाव टचडाऊन ठेवून हौस भागवली होती. अख्ख्या मोसमात ब्लफ क्रीक विद्यापीठाच्या संघाने एकच सामना जिंकला, तोही समोरच्यांची बस बर्फात अडकली म्हणून. मग विद्यापीठाने कोचला काढलं, कोचने विद्यापीठाला कोर्टात खेचलं, आणि शेवटी दोघांनी कोर्टाबाहेर हातमिळवणी केली. आई स्टेडियमच्या धुलाईखान्यात जन्मभर चिखलाच्या जर्स्या धुवून जेवढे डॉलर मिळवणार नाही, तेवढे कोचला नुसतं घरी बसायचे मिळाले. वर एक अट. विद्यापीठाच्या कोणाही माणसाने कोचबद्दल वा त्याच्या कुटुंबाबद्दल वाईट बोलायचं नाही, आणि कोचने विद्यापीठाच्या कोणाही माणसाबद्दल वाईट बोलायचं नाही. विद्यापीठाचा माणूस बोलला तर त्याची नोकरी जाणार, कोच बोलला तर त्याचे डॉलर बंद.

आणि ब्लफ क्रीकमध्ये जो विद्यापीठाच्या नोकरीत नाही तो एक तर शाळेत जातो, नाही तर कबरस्तानात पडलेला असतो. त्या कबरस्तानाचा माळीसुद्धा विद्यापीठाचाच. सगळं गाव तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होतं.

"पण कुत्र्याला तरी बोल!"

"कुत्रा कुटुंबात धरलाय," आई कुजबुजली. "मी मीटिंगमध्ये विचारलं होतं."

"ठीक आहे," टेसा म्हणाली. "मी कुठे नोकरीला आहे?"

वर्षभरापूर्वी हीच टेसा वर्गात हजेरी द्यायची तरी लाल व्हायची. पण या शरद ऋतूत तिने शाळेची वादविवाद स्पर्धा जिंकली होती, आणि तेव्हापासून तिच्या जिभेला नवे बूट मिळाल्यासारखं झालं होतं. कुठे तरी चालून बघायचंच होतं. ती तडक मॅक्रेडींच्या अंगणात गेली.

कोच खुर्चीत पसरला होता. पायाशी टचडाऊन ब्रिस्केटची शेवटची शीर चाटत होता.

"कोच, तुमचा कुत्रा चोर आहे! तुम्ही त्याला वळण लावलं नाहीत. संघालाही लावलं नव्हतं, म्हणा!"

कोचने टोपी वर केली. कोणी तरी आपल्याला वर्षानंतर नावाने हाक मारावी, तसा त्याचा चेहरा झाला.

"अजून?"

"अजून काय?"

"अजून सांग की."

टेसाला वाटलं, हा आपली टर उडवतोय. मग काय, तिने उरलंसुरलंही सोडलं नाही. "शेवटच्या सामन्यात एक मिनिट उरलेलं असताना तुम्ही चेंडू लाथाडून समोरच्यांच्या हातात दिलात! माझ्या आईने तुमच्या पोरांच्या चड्ड्या धुतल्या, कोच. त्यांना साधी माती लागलेली नव्हती!"

ती पाय आपटत घरी आली. सोमवारी शाळेतून येते तर काय, फाटकात प्रोफेसर ऑस्ट्रँडर उभे. प्रोफेसर भूगर्भशास्त्र शिकवत आणि एरवी दगडांशीच बोलत. आज हातात मफिनचा डबा होता.

"टेसा, समज हं, नुसतं समज," त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "एखाद्या माणसाने ट्रक मागे घेताना शेजाऱ्याची टपालपेटी चपटी केली. तुझं काय मत आहे?"

"गाढव आहे तो माणूस!"

"हे तू म्हणालीस हं," प्रोफेसरांचा चेहरा उजळला. "मी नाही."

"जाऊन सांगू त्याला?"

"मी तर मफिन द्यायला आलोय," प्रोफेसर म्हणाले. "आणि पेटी निळी होती, एवढं मात्र लक्षात असू दे."

टेसाने जाऊन कोचला सांगितलं, निळ्या रंगासकट. त्यानंतर गल्लीची रांगच लागली. ग्रंथपालबाई आल्या, "रविवारी सकाळी पालापाचोळा उडवायचं यंत्र लावणाऱ्यांबद्दल तुझ्या पिढीला काय वाटतं गं?" कबरस्तानाचा माळी आला, "खोदणारे कुत्रे आणि ताजी कबर, या विषयावर बोलशील का जरा?" रोज संध्याकाळी टेसा कुंपणाशी उभी राहून कोचला यादी ऐकवायची, आणि आपापल्या खिडकीचे पडदे किंचित बाजूला करून अख्खी गल्ली तृप्तपणे ऐकायची. कोचही खुर्ची कुंपणाजवळ आणून बसायचा. याचा तर टेसाला आणखीच राग यायचा. माणसाने शिव्या खाताना जरा तरी वाईट दिसावं!

मग एके दिवशी मिस पेल आली. विद्यापीठाच्या पगारावरची वकील. इस्त्रीची घडी माणसाच्या रूपात यावी तशी. हातात तपकिरी चामड्याची बॅग, आणि तीही मालकिणीसारखीच ताठ.

"मिसेस बॉलिंजर, तुमची मुलगी बोलते ते तुम्हीच तिच्या तोंडून बोलता, असं कोर्ट म्हणू शकतं."

"माझ्या तोंडून मीच बोलते!" टेसा म्हणाली.

"तेच थांबवायचंय." मिस पेलने बॅगेतून कागद काढला. "स्टेडियमच्या पॉपकॉर्नच्या टपरीवर शनिवारची नोकरी. सही केलीस की तूही आमची. मग सगळ्यांसारखी गप्प राहशील. नाही केलीस, तर शनिवारी मी कोचसाहेबांची जबानी घेते, आणि तुझ्या आईची नोकरी जाते."

"चोरी कुत्र्याने केली आणि शिक्षा माझ्या आईला? हा कुठला न्याय?"

"हा न्याय नाही," मिस पेल शांतपणे म्हणाली. "तडजोड आहे."

ती गेल्यावर आई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली. एरवी ती कधी बसत नसे.

"सही करून टाक, टेसे."

"मुळीच नाही!"

"कार्टे, तुझ्या दातांच्या तारा माझ्या नोकरीच्या विम्यावर बसल्यात. ज्या तोंडाने एवढं बोलतेस ना, ते अजून वर्षभर विद्यापीठाचंच आहे." आई हसली, पण हसू ओठांवरच विरलं. "मला त्या जर्स्यांचं काही प्रेम नाही गं. पण दुसरी नोकरी आहे कुठे या गावात?"

वादविवाद स्पर्धेत असला मुद्दा कोणी मांडलाच नव्हता.

शनिवारी ती सही न केलेला कागद मुठीत चुरगाळून मॅक्रेडींकडे गेली. कोच शेगडीवर बरगड्या भाजत होता. त्याची बायको नदीन टेबल मांडत होती.

"घ्या! जिंकलात तुम्ही! आयुष्यात दुसऱ्यांदा!" टेसा ओरडली. आवाज मध्येच फाटला. "मी सही करतेय. तुम्हाला घरी बसायचे डॉलर, आणि माझ्या आईने तुमच्या कुत्र्यापायी नोकरी घालवायची? लाज नाही वाटत?"

कोचच्या हातातला चिमटा खाली आला. "सही? छे छे! अगं, तू गप्प बसलीस तर मला खरं कोण सांगणार? प्रोफेसरची पेटी चिरडली, तर म्हणतो, 'वा कोच, काय सफाईदार वळण!' केस कापायला गेलो, अर्धं डोकं भादरलं, सगळं दुकान म्हणतं, छान दिसतंय. आणि घरी..." त्याने आवाज खाली आणला. "नदीन विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयात आहे."

टेसाने नदीनकडे पाहिलं. नदीन गोड हसली. त्या हसण्याने अंगावर काटा आला.

"वसंत ऋतूत करार झाल्यापासून आमच्यात भांडण नाही," कोच म्हणाला.

"ह्यांचा सॉस अप्रतिम असतो," नदीन दातांवर दात ठेवून म्हणाली. "टेसा, तू चाखून बघतेस?"

टेसाने चमचा तोंडात घातला. "ईऽ! टायर जाळल्यासारखा लागतो!"

नदीन मटकन बाकावर बसली. डोळ्यांत पाणी आलं. "देव तुझं भलं करो, पोरी. आणि ओले टॉवेल पलंगावर टाकणाऱ्या माणसांबद्दल तुझं काय..."

तेवढ्यात फाटक वाजलं. मिस पेल आत आली. बॅग बाकावर ठेवून तिने पेन काढलं. कुंपणापलीकडे आई येऊन उभी राहिली होती. तिने एप्रनचं टोक घट्ट धरलं होतं.

"कोचसाहेब, रोंडा बॉलिंजर यांनी मुलीमार्फत तुमचा अपमान केला, हे खरं?"

कोचने डोकं खाजवलं. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही उगवत गेलं, जे मैदानावर कधी कोणी पाहिलं नव्हतं. डावपेच.

"रोंडा? धुलाईखान्यातली? ती विद्यापीठाची आहे, मिस पेल. तिच्याबद्दल मला एकही वाईट शब्द काढता येत नाही."

"पण तिने करार मोडला असेल तर..."

"मोडला म्हणणं म्हणजे वाईट बोलणंच की! माझे डॉलर बंद करायला बघताय काय? तुम्हीच लिहिलाय करार. फार छान लिहिलाय. तुमच्याबद्दलही मला चांगलंच बोलावं लागतं."

"मग ही मुलगी?"

"ही कोणाचीच नाही. हिला काय हवं ते बोलू द्या."

मिस पेलचं पेन हवेतच राहिलं. आजवर तिने पुष्कळांची तोंडं बंद केली होती, पण आपण शिवलेल्या पोत्यात आपलंच बोट अडकायची तिची ही पहिलीच वेळ होती. टेसाने मुठीतला कागद शेगडीत टाकला. तो बरगड्यांपेक्षा चांगला भाजला.

मिस पेल बॅग घ्यायला वळली. बॅग बाकावर नव्हती.

चामड्याची ताठ तपकिरी बॅग तोंडात धरून टचडाऊन अंगणाच्या टोकाला पोचला होता. त्याने एकदा वळून पाहिलं, शेपटी हलवली, आणि कुंपणावरून अशी काही उडी घेतली, की संघाने मोसमभरात एकदा जरी घेतली असती तरी कोच आज नोकरीत असता. पलीकडून चामडं फाटल्याचा आवाज आला.

मिस पेलचं तोंड उघडलं. मानेपासून कानापर्यंत ती लाल होत गेली. शब्द ओठांशी आले, थबकले, आणि तिने ते एकेक करून परत गिळले. तिने कोचकडे पाहिलं. कोच नम्रपणे टोपी काढून उभा होता. शेवटी ती टेसाकडे वळली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता.

"टेसा..." मिस पेल म्हणाली. "तुझं... तुझं काय मत आहे?"

प्रोफेसरांच्या खिडकीचा पडदा हलला. टेसाने कुंपणापलीकडच्या आईकडे पाहिलं, मग सगळ्या तारा दिसतील असं भरघोस हसली.

"मला ना," ती म्हणाली, "मला वाटतं, किती चपळ कुत्रा आहे!"