दोन दारांच्या मधल्या मालूताई

तुम्ही शेवटचं कधी एखाद्या अनोळखी बाईसमोर, ती म्हणाली म्हणून, दोन्ही हात पसरून गुपचूप उभे राहिला होतात? आमच्या परळच्या बागेत दर रविवारी माणसं रांगेने उभी राहतात. वकील, डॉक्टर, एकदा तर वर्दीतले फौजदार. मालूताईंनी त्यांनाही सोडलं नाही. "टोपी काढा. आतून दाखवा."

बागेतलं फुलपाखरू घर म्हणजे जाळीचा मोठा मांडव. पाऊस सरला की उघडतो, होळीच्या आसपास बंद होतो. तेवढ्या हंगामापुरती आमची नोकरी. मी तिकीट खिडकीवर, मालूताई बाहेर पडायच्या वाटेवर. तिथे दोन दारं आहेत आणि मध्ये जेमतेम दोघा-तिघांची जागा. कुणाच्या कपड्यांवर बसून फुलपाखरू रस्त्यावर जाऊ नये, म्हणून त्या जागेत प्रत्येकाला न्याहाळायचं, हे त्यांचं काम.

त्याआधी त्यांनी लालबागच्या एका कपड्यांच्या कारखान्यात चेकर म्हणून उमर काढली. तयार शर्ट हातात आला की चूक शोधायची. कारखाना गेला, नजर राहिली. "कॉलर, कफ, बटनपट्टी, घेर. वळा. पास!" फुलपाखरू सापडो न सापडो, शिवणीतली चूक सापडतेच. नटूनथटून आलेल्या एका तरुणाला त्या म्हणाल्या, "फुलपाखरू नाय. पण डावा खांदा अर्धा इंच उतरलाय. शिंपी बदल." त्याच्याबरोबरची मुलगी टाळी वाजवत म्हणाली, "बघ! मी कधीची सांगतेय!"

तक्रारी झाल्या. रांग लांबते म्हणे. बागेच्या साहेबांनी ठरवलं, दोन दारांच्या मध्ये मोठा आरसा लावायचा आणि वर पाटी : 'कृपया आपले कपडे तपासा.' एक दिवस चाचणी. जमलं, तर पुढच्या हंगामाला मालूताई नकोत.

माझं डोकं फिरलं. माणूस काढून काच लावायची? जेवणाच्या सुट्टीत मी दोन पानी पत्रक लिहून काढलं. श्रम, शोषण, सगळं आलं त्यात. मालूताईंनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि परत दिलं.

"अल्टर," त्या म्हणाल्या. कारखान्यात सदोष शर्ट असाच परत जायचा. "एवढे शब्द कशाक रे? आणि फुलपाखरू खंय ह्यात?"

खरंच नव्हतं.

चाचणीच्या दिवशी त्यांना बाकावर बसवून ठेवलं. लोक आरशासमोर आले आणि त्यांनी काय केलं? भांग पाडले. पोटं आत घेतली. सहकुटुंब फोटो काढले. रांग दुप्पट झाली. चारच्या सुमारास एक आजी आल्या. आरशात बघून त्यांनी कुंकू नीट केलं आणि निघाल्या. अंबाडा मागे असतो. त्यावरच्या शेवंतीच्या वेणीत एक मोठं काळं-निळं फुलपाखरू पंख मिटून बसलं होतं.

मालूताई उठल्या. साहेब म्हणाले, "अहो, तुम्ही बसा!"

"बसते. आणून बसते."

तोवर आजी बसमध्ये चढल्या होत्या. मालूताई चढल्या, मागोमाग तिकीट खिडकी सोडून मी.

"आजी, मान हलवू नका!"

"अगो बाई! पाल?"

"पाल नाय. पाहुणा." मग अख्ख्या बसला हुकूम : "खिडक्या लावा!"

लोकांनी लावल्या. पुढच्या सीटवरचे एक काका कुरकुरले, "एका किड्यासाठी घामाघूम करताय सगळ्यांना."

"काका, तुमच्या खिशाचं बटण तुटलंय. तोंडाचं तेवढं लावून घ्या."

त्यांनी वेणीपाशी बोट धरलं आणि थांबल्या. एक स्टॉप गेला. दुसरा गेला. भोईवाड्याच्या अलीकडे ते फुलपाखरू सावकाश बोटावर चढलं. मालूताईंनी पिशवीतला रिकामा डबा काढला, त्याला आत घेतलं, वर रुमाल बांधला.

चालत परत येताना मी म्हणालो, "ताई, आठ-दहा दिवसांचं आयुष्य त्याचं. त्यासाठी एवढी धावपळ?"

"आठ-दहाच ना? मग त्यातला एक बसमध्ये कशाक घालवायचा?"

थोडं पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या, "कारखान्यातून घरी आले की आमचे हे मला दारातच थांबवायचे. पाठीला सूत चिकटलेलं असायचं. एकेक धागा काढायचे, मग आत सोडायचे. आपल्या पाठीवर काय आहे, ते आपल्याला दिसतं काय? ते गेले. मागून नायगावची चाळ पाडली. आता भाड्याच्या खोलीचं कुलूप काढते, आत जाते. कोण थांबवणार?"

त्या पुढे झाल्या, तेव्हा मला दिसलं. पाठीवर, पदराला केळ्याचा डाग वाळून काळा पडला होता. आत फुलपाखरांना पिकलेली केळी ठेवतात, सकाळीच लागला असणार. मी त्यांच्यासाठी दोन पानं लिहिली होती आणि दिवसभरात एकदाही त्यांच्याकडे नीट पाहिलं नव्हतं.

"ताई, थांबा जरा."

बाटलीतल्या पाण्याने माझा रुमाल भिजवून मी डाग पुसला. वेळ लागला. भर रस्त्यात, दोन्ही हातांत डबा धरून, त्या अजिबात हलल्या नाहीत.

साहेबांनी अजून काही कळवलेलं नाही. आरसा आहे तिथेच आहे. म्हणून तुम्हाला सांगतो, हंगाम संपायच्या आत एकदा बागेत या. तिकीट खिडकीवर सूचनावही मागा, ती माझ्याच ताब्यात असते. लांबलचक लिहू नका, ती चूक मी करून बसलोय. एकच ओळ लिहा : 'या दारात माणूसच पाहिजे.' खाली नाव घाला, सही करा. पेन मी देतो.