नानांचा बिननावाचा उंचीमापक

रामानाना कुठल्याही वस्तूचं तोंड बघत नाहीत, पाठ बघतात. मुरबाडला एका लग्नात त्यांनी वाढलेलं ताट उचलून खालून पाहिलं, कुठल्या कारखान्याचं ते कळावं म्हणून. वरण माझ्या मांडीवर आलं. "तोंडावर काय पन लिवतात रे," नाना म्हणाले, "पाठ बघ, पाठ."

नाना आमचे आटगावचे शेजारी. मुंबईत विमानांची यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. जुन्या जर्मन विमानांतली घड्याळं, वेगमापक, उंचीमापक यांचा त्यांना भारी नाद. युद्धाच्या काळात तिकडचे कारखाने यंत्रावर नाव लिहीत नसत, दोन-तीन अक्षरांची खूण ठोकत. तेवढ्यावरून नाना कारखाना ओळखतात. कुठले कुठले शौकीन फोटो पाठवतात, आणि ते सगळे माझ्या मोबाइलवर, कारण नाना मोबाइल वापरत नाहीत. मी ड्युटीवरून मेल्यासारखा येतो, तर हे ओट्यावर हजर. "आला का रे फोटो?" मग तासभर मी फोटो मोठे करून दाखवायचे आणि नाना सांगतील ते टाइप करायचं. वैताग आहे नुसता.

नानांना न ओळखता आलेला एकच उंचीमापक, आणि तो त्यांच्याच भिंतीवर. भंगारातून आणला, आणि खूण वहीत उतरवायच्या आधीच दिवाळी आली. नानींनी घरातल्या भांड्यांबरोबर त्याचीही पाठ राख आणि नारळाच्या शेंडीनं लख्ख घासली. खूण साफ गेली. त्यावरून नाना त्यांना वर्षानुवर्षं बोलले. आल्यागेल्याला सांगायचे, "हिनं पुसलं नाव." नानी मुकाट्यानं चहा ठेवायच्या.

गेल्या शिमग्यानंतर नानी वारल्या.

त्याचा फोटो मी एका शौकिनाला पाठवला होता, परवा त्याचा मेसेज आला. अशा यंत्राच्या झाकणाला आतूनही खूण असते, उघडून बघा. मी वाचून दाखवला. सुटलो एकदाचा, असं मला वाटलं. नानांनी स्क्रूड्रायव्हर आणला, तीन स्क्रू काढले. चौथ्यावर हात थांबला.

"काय झालं नाना?"

"मना कवा सुचलंच नाय रे. पाठच बघत बसलो." त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "आत नाव निघालं, तं येवढी वर्सं तिला बोललो त्याचं काय करू?"

नानांनी तिन्ही स्क्रू एकेक करून परत बसवले.

"त्याला लिव, नाव नाय म्हनून. आमच्या हिनं घासलाय, तसाच राव दे."

मी तसंच टाइप केलं. नाना उंचीमापक मांडीवर घेऊन त्याच्या गुळगुळीत पाठीवरून बोटं फिरवत बसले होते.