पत्र पाठवण्याची परवानगी

पत्रलेखन ही फार नाजूक कला आहे, आणि तिला सर्वांत मोठा धोका असतो तो ज्याला पत्र लिहिलं त्याच्यापासून. तो ते वाचतो, उत्तर देतो, कधीकधी तर चक्क घरी येतो! हे संकट ओळखून डेन्मार्कातल्या फोबोर्ग गावी दैनिक पत्रसाधना मंडळ स्थापन झालं. (तिथे तीन माणसं एका बाकावर बसली की मंडळ होतं, चौथा आला की उपसमिती.) रोज एक पत्र लिहावं, मंगळवारी वाचून दाखवावं, केक खावा, पत्र कपाटात ठेवावं. पाठवू मात्र नये. मंडळाच्या पाहणीनुसार ब्याण्णव टक्के सभासदांची नाती सुधारली होती. (नातेवाइकांना विचारलं नव्हतं.)

निवृत्त दंतवैद्य इंगेलीसे ही मंडळाची शान. तिची सगळी पत्रं धाकट्या बहिणीला, रिग्मोरला. आई गेली तेव्हा दोघींचं जे बिनसलं ते बिनसलंच. रिग्मोर दोनच गल्ल्या पलीकडे राहायची. पण न कळवता कुणाच्या दारात उभं राहणं म्हणजे तिथे चोरीच्या खालोखालचा गुन्हा.

एके दिवशी बेकरीत कळलं, रिग्मोर घर विकून मुलाकडे फेरो बेटांवर चाललीय, शनिवारी, कायमची. इंगेलीसे तडक मंडळाच्या अध्यक्षाकडे, टोर्किल्डकडे गेली.

"मला हे पत्र पाठवायचंय."

"अगं, इतकं छान जमलंय आणि वाया घालवतेस? ती वाचेल ना ते!"

"त्यासाठीच लिहिलंय रे बाबा!"

प्रकरण गंभीर होतं. तातडीची सभा भरली. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत उठायचं नाही, ही तिथली रीत. पत्रातलं 'जाऊ नकोस' हुकमासारखं वाटतं, काढा. 'माझं चुकलं' यात आईच्या आजारपणाची एकच बाजू येते, काढा. 'तुझी फार आठवण येते' यातलं 'फार' आधी गेलं, मग त्याच्या सोबतीला उरलेलं वाक्यही गेलं. बाकीचं एकमताने मंजूर झालं. केक उत्तम होता.

शनिवारी इंगेलीसे रीतसर कळवून, पत्र घेऊन रिग्मोरच्या दारात गेली. टॅक्सी उभी होती. रिग्मोरने पाकीट फोडलं, आत एकच ओळ होती: "आज ढग आहेत, पण दुपारी उघडीप होईल."

"एवढंच, ताई?"

"एवढंच मंजूर झालं."

रिग्मोरने पाकीट उलटं करून झटकून पाहिलं. "दुसरं काही नाही ना गं?"

इंगेलीसेच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तोंडी निवेदनाची परवानगी घ्यायची राहिली होती. टॅक्सी गेली. ती तिथेच उभी राहून पोटभर रडली.

त्या प्रसंगावरचं तिचं पत्र मंडळाच्या इतिहासातलं सर्वोत्कृष्ट ठरलं. ते ऐकून टोर्किल्डलाही हुंदका आवरेना.

आता तुम्ही म्हणाल, काय ही माणसं! बरोबर आहे. पण मघाशी वाचताना तुम्हालाही एक नाव आठवलंच होतं. तरी फोन न उचलता तुम्ही इथवर वाचत आलात. अभिनंदन, तुमचं सभासदत्व मंजूर झालं आहे.