पगार नानांचा तिरपा सांधा

आमच्या शेजारचे पगार नाना घरात पाऊल टाकता टाकताच म्हणायचे, "चला बाई, निघतो मी."

आणि मग खुर्ची ओढून बसायचे. चहा व्हायचा, देवळ्याकडच्या कांद्याची खुशाली व्हायची, माझ्या भाजीच्या फोडणीवर शेरा व्हायचा. मधूनमधून "निघतो मी" चालूच. अखेर खरोखर उठले की दारात थांबायचे. एक पाय आमच्या फरशीवर, एक जिन्यात, हात चौकटीवर. दिवसभरातलं सगळं महत्त्वाचं बोलणं त्यांना नेमकं तिथं आठवायचं. मी विळीवर बसून "हं, हं" करत राहायची आणि मनातल्या मनात त्यांना जिन्यात ढकलून द्यायची.

पगार हे त्यांचं आडनाव. देवळा-कळवणकडे हे आडनाव पुष्कळांचं आहे, पण सातपूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते एकटेच. आमचे विलासराव म्हणायचे, "जगात सगळ्यांचा पगार महिन्यातून एकदा येतो आणि लगेच जातो. आपला रोज येतो आणि जाता जात नाही."

मी शाळेत गणित शिकवते. उत्तर आलं की खाली दोन रेघा मारायच्या आणि पुढचं उदाहरण घ्यायचं, हा माझा स्वभाव. फोनवर माझा निरोप म्हणजे "ठेवते". पलीकडचा "अगं पण" म्हणेपर्यंत मी ठेवलेला असतो. अशा बाईच्या भिंतीला भिंत लागून देवाने हा माणूस द्यावा, ही चेष्टाच होती.

एकदा न राहवून मी विचारलं, "नाना, आल्या आल्या निघतो काय म्हणता? आणि निघताना थांबता काय?"

नानांनी ओट्यावरचा दुधीभोपळा उचलला.

नानांचा जन्म गेला क्रेनचे रूळ बसवण्यात. कारखान्याच्या शेडमध्ये डोक्यावरून जी अवाढव्य क्रेन या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकते, ती रुळांवर चालते. हे रूळ भिंतीलगत उंच तुळयांवर असतात आणि तुकड्यातुकड्यांनी येतात. ते एका रेषेत, एका पातळीत आणून एकमेकांना जोडायचे, हे नानांचं काम. सातपूर-अंबडच्या कितीतरी शेडमध्ये त्यांनी पोलादी तार ताणून रूळ ओळीत आणले होते.

तर नानांनी माझा दुधी उभा चिरला, अर्धा भाग सपाट बाजू वर करून ठेवला आणि मधोमध आडवा, सरळ कापला. दोन तुकड्यांमध्ये किंचित फट ठेवली आणि त्यावरून हिंगाची डबी घरंगळवली. डबी फटीशी आली आणि टक् करून आपटली.

"ऐकलं? हा सरळ काप. चाक पहिल्यावरनं उतरतं आन् मंग दुसऱ्यावर चढतं. मधी घटकाभर ते कोणाचंच नसतं. म्हणून आपटतं."

दुसरा अर्धा भाग त्यांनी तिरपा कापला. तेवढीच फट ठेवली. डबी गेली ती सरळ ओट्याच्या कडेपर्यंत, कुठेही न अडखळता.

"तिरपा मारला की पहिल्यानं सोडायच्या आधीच दुसऱ्यानं धरलेलं असतं. चाकाला कळतच नाय. माणसाचंबी तसंच हाय, बाई. येतानाच थोडं निघायचं. निघताना थोडं थांबायचं."

मी म्हटलं, "आणि या दुधीचं काय?"

"त्याची भाजी. चला, निघतो मी," म्हणाले आणि भाजी होईपर्यंत बसले.

एकदा हे कळल्यावर मला नानांचं सगळं वागणंच तिरपं दिसायला लागलं. थंडी सुरू झाली की ते स्वेटर एकदम घालत नसत. आधी काही दिवस तो खांद्यावर टाकून हिंडत, मग एका बाहीत हात, मग दोन्ही. वर्तमानपत्र बदललं तेव्हा महिनाभर दोन्ही पत्रं घेतली; एका पत्रातली बातमी दुसऱ्यात पुरी करत. नव्या चपला आणल्या की आठवडाभर एक पाय नव्या चपलेत आणि एक जुन्या. मंडईत लोक वळून बघायचे. नाना शांतपणे सांगायचे, "पायाला कळता कामा नये."

त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात शाल, नारळ, भाषणं झाली, हार घालून त्यांना जीपमधून घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना डबा घेऊन कामावर हजर! मग काही महिने दुपारपर्यंत जायचे. मग फक्त चहाच्या सुट्टीपुरते. मालक बिचारे आधी गोंधळले, मग वैतागले आणि शेवटी त्यांनी नानांसाठी कप ठेवून दिला. पुढे एक दिवस नाना गेले नाहीत आणि ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. यावर नाना भलतेच खूश होते.

त्यानंतर खरी मोठी गोष्ट आली. नानांचा मुलगा योगेश चाकणला नोकरीला. त्यांच्या बायकोला, सुमनकाकूंना, जाऊन काही वर्षं झाली होती, नाना घरी एकटे. एकदा बाथरूममध्ये पाय घसरून पडले आणि बऱ्याच वेळाने माझ्या कानावर त्यांची हाक आली. योगेश धावत आला आणि म्हणाला, "नाना, आता बास. कायमचं माझ्याकडं चलायचं."

नाना लगेच हो म्हणाले. आणि तिरपे निघाले.

आधी सुमनकाकूंचा फोटो पाठवला. "तिला नवी जागा. ती तिकडं रुळली की मी जातो." जन्मभर रूळ बसवणारा हा माणूस स्वतः मात्र कुठे पटकन रुळत नसे. मग एक गादी गेली. मग नाना आठ दिवस राहून आले. आम्ही पहिल्या वेळी श्रीखंड केलं, सगळ्या बिल्डिंगने नमस्कार केले, आणि पुढच्या सोमवारी नाना दारात उभे: "चला बाई, निघतो मी." दुसऱ्या निरोपाला पुरणपोळी झाली. तिसऱ्या वेळी मी साधा वरणभात लावला. प्रत्येक खेपेला ते आमच्या दाराशी आपली जुनी चपलांची जोडी मात्र ठेवून जायचे. "राहू द्या. एकदम गेला असं नको वाटायला."

योगेश रडकुंडीला आला. पुन्हा पडले तर हाक कोण ऐकणार, हा त्याला घोर. मला फोन करून म्हणाला, "मावशी, तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतात."

मी सांगितलं. म्हणजे रागावलेच. "नाना, पोराला किती छळणार? जायचं तर एकदाच काय ते जा ना! एक घाव, दोन तुकडे!"

नाना दारातच होते, नेहमीसारखे. पण त्यांनी चौकटीवरचा हात काढला.

"सुमनचं तसंच झालं ना, बाई," ते म्हणाले. "मी सिन्नरला कामावर होतो. सकाळी जिन्यातनं म्हनलो, 'येस मी.' आतनं म्हणाली, 'या.' सांजेला आलो तर घरात माणसंच माणसं. सकाळी होती, सांजेला नव्हती. मधी कायच नाय. आजारपण नाय, बोलणं नाय, काय नाय." मग म्हणाले, "त्याचा टक् आजून वाजतो."

घरात दोघं अहिराणीच बोलत. 'येस मी' म्हणजे 'येतो मी'. भिंतीपलीकडून ते मी रोज सकाळी ऐकलं होतं, आणि त्या दिवसानंतर पुन्हा कधीच ऐकलं नव्हतं. हे मला तेव्हा उमगलं. मी चहा टाकला आणि त्यांना आत घेतलं. या माणसाचा माझ्यावर एवढा जीव आहे म्हणूनच तो माझ्या दारातून निघत नाही, इतकी साधी गोष्ट कळायला मला इतकी वर्षं लागली.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी योगेश गाडी घेऊन आला. घर रिकामं करून किल्ली द्यायची होती, म्हणजे या वेळी खरं जाणं होतं. मी कणीक मळत होते. खालून हॉर्न वाजला तशी तश्शीच पळत उतरले.

नाना गाडीच्या दारात उभे. एक पाय आत, एक रस्त्यावर. योगेश स्टिअरिंगशी बसलेला. "नाना, चला ना. ऊन व्हायच्या आत पोचू."

"निघतो ना," नाना म्हणाले. पण रस्त्यावरचा पाय उचलला जाईना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतकं घाबरलेलं तोंड मी नानांचं कधी बघितलं नव्हतं. उंच तुळईवर बिनधास्त चालणारा हा माणूस, आणि आमच्या गल्लीतला डांबरी रस्ता त्याला सोडवेना.

मी पलीकडून गेले, कणकेच्या हाताने मागचं दार उघडलं आणि आत बसले.

"चला, मलापण नाशिकरोडला काम आहे."

"काय काम?" विलासराव बाल्कनीतून ओरडले.

"आहे काम!"

नाना एकदम हसले आणि त्यांचा पाय आत आला. कधी आला ते मला दिसलंसुद्धा नाही. मग त्र्यंबकरोड, द्वारका, पुढे नाशिकरोड, आम्ही सगळा वेळ बोलत होतो. दुधीत हिंग घालावा की नाही यावर तर चांगलं कडाक्याचं भांडण झालं. सिन्नर फाट्याला मी भांडण अर्धवट ठेवूनच उतरले. नाना काचेतून हात काढून काहीतरी सांगत राहिले. घालूच नये असंच म्हणत असणार.

स्टॉपवर उभी राहिले. पैसे आणले नव्हते. हाताला कणीक वाळून तडतडत होती. शेजारची बाई माझ्या पायांकडे बघत होती, म्हणून मीही खाली बघितलं. उजव्या पायात माझी स्लीपर होती. डाव्या पायात नानांची जुनी चप्पल.

सातपूरपासून इथवर मला कळलंच नव्हतं.