चौदा दिवसांसाठी हरमलकर सर

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात एखाद्या लेखाची प्रत शिल्लक नसेल, तर त्याचा लेखक चौदा दिवसांसाठी घरी नेता येतो. उज्ज्वला ठोंबरेला मिठागर-कामगारांवरच्या प्रबंधासाठी प्राध्यापक हरमलकरांचा जुना लेख हवा होता. प्रत वाळवीने खाल्ली होती. तिने मागणीपत्र भरलं आणि तिसऱ्या मजल्यावरून सरांना खाली आणण्यात आलं.

"वय अठ्ठ्याहत्तर. डावा गुडघा आधीपासूनच दुखरा, तशी नोंद आहे," खिडकीवरच्या मांजरेकरबाई म्हणाल्या. "ओल लागू देऊ नका. नेताय तसेच परत आणायचे."

घरी आईने बाहेरच्या खोलीत त्यांची गादी घातली. सर गुणी होते; विचारलं तेवढंच सांगत. तरी ते शिंकले की उज्ज्वलाला ओलीची सूचना आठवे. ती उठून खिडकी लावून घेई.

दहाव्या दिवशी चहा पिताना तिने वही उघडली. "सर, तेवढं एक वाक्य पडताळायचंय. पावसाळ्यात कामगार आपापल्या गावी परतत."

सरांनी कप खाली ठेवला. "परतत नसत बहुतेक."

"म्हणजे?"

"मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा जानेवारीत. पावसाळ्यात कुठे जाता, हे कुणाला विचारलंच नाही. परतत असतील असं धरून चाललो."

"पण तुम्ही लिहिलंय, सर! माझी तीन प्रकरणं त्यावर उभी आहेत."

"लिहिलंय खरं."

निदान परत करताना तरी ते वाक्य लिहिलंय तसंच म्हणा, म्हणून तीन दिवस ती त्यांना विनवत होती. तेराव्या दिवशी सर म्हणाले, "तुझ्यासाठी म्हणून बघतो." त्यांनी 'पावसाळ्यात कामगार' म्हटलं, पुढचा शब्द काही निघेना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते खोकत राहिले. "राहू दे, सर," उज्ज्वला म्हणाली आणि तिने त्यांची पाठ चोळली.

परत करताना मांजरेकरबाईंनी गुडघा पाहिला, मग पडताळणीसाठी एक वाक्य विचारलं, नेमकं तेच. सरांनी खरं ते सांगितलं.

"मजकूर बदललाय," बाई म्हणाल्या. "नेतानाच असा होता, असं लिहून द्या. सदोष म्हणून रद्दीत काढू."

"आणि माझ्याकडे बदलला असेल तर?"

"मग ही दुसरी आवृत्ती. पहिली तुमच्याकडून हरवली. महिनाअखेर त्याच विषयावरचा भरवशाचा संदर्भ आणून द्यायचा, नाहीतर तुमची नोंदणी रद्द."

सर भिंतीवरची सूचना वाचत उभे होते. उज्ज्वलाने पेन घेतलं. तिने लिहिलं: माझ्याकडे असताना बदलला.

शिपाई सरांना वर नेऊ लागला. जिन्यावर ते थांबले. "जानेवारीची वाट बघू नकोस," ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी ती भर पावसात मिठागराच्या वस्तीवर गेली. चार दारं बंद मिळाली. पाचव्या दारात हिराबाई म्हात्रे नावाची म्हातारी तांदूळ निवडत बसली होती.

"पावसाळ्यात गावी जायचात का, आजी?"

"कुठलं गाव? घर होतं कुणाचं तिथं? मिठाच्या गोदामात राहायचो, लोकांच्या शेतात लावणी करायचो. सतरा पावसाळे काढले." तिने मान वर केली. "हे विचारायला आजवर कुणी आलं नव्हतं."

उज्ज्वलाने ग्रंथालयाचे नियम समजावून सांगितले. हिराबाईने ते शांतपणे ऐकले, सूप उचलून ठेवलं, लुगडं बदललं आणि शेजारणीला हाक मारली.

"कोंबड्या बघ गं माझ्या. मी संदर्भ म्हणून चाललेय."